सांवलींतला निळा माशीमार

चैत्र सरतांना वऱ्हाडच्या घाटमाथ्यावरील रानाकडे पाहिलें, तर या रानांत कोणी राहत असेल असें वाटत नाहीं. सागाचीं पानें केव्हांच गळून गेलेलीं असतात. धावडा, सालई, ऐन यांचे नुसते सांगाडे उन्हांत उभे असतात. वाळलेल्या गवतामधून काळा खडक तापलेला दिसतो. अशा वेळीं वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील किन्हीराजासारख्या गांवाहून डोंगर-उताराकडे निघालेला मनुष्य नकळत एखाद्या ओढ्याच्या कांठानें चालूं लागतो. ओढा आटलेला असला, तरी त्याच्या दोन्ही कांठांवर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन यांची हिरवी रांग टिकून असते, आणि तिच्याखालीं गारवा असतो. तेथें क्षणभर टेंकलें, कीं झुडपांतून एक बारीक, खणखणीत सुरावट ऐकूं येते. पांच-सहा स्वर झरझर चढतात, उतरतात आणि थांबतात. थोड्या वेळानें पुन्हां तीच सुरावट. गाणारा मात्र दिसत नाहीं.

त्याला पाहण्यासाठीं डोळ्यांपेक्षां धीराची गरज अधिक. न हलतां दहा-पंधरा मिनिटें बसलें, म्हणजे जमिनीपासून चार-सहा हात उंचीवरच्या एखाद्या वेलीवर तो आपण होऊन येतो. अंगानें चिमणीहून थोडा लहान. चोंचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार ते साडेपांच इंच. डोकें, पाठ, पंख आणि शेपूट गडद निळीं. कपाळावर व भुंवईच्या जागीं तोच निळा रंग उजळ होऊन चमकतो. गळा आणि छाती पिकल्या संत्र्यासारखीं तांबूस-नारिंगी, आणि त्याखालीं पोट पांढरें. मादीची ठेवण हीच, परंतु तिचे रंग फिकट, जणुं धुवून मवाळ झालेले. नुकतीं घरट्याबाहेर पडलेलीं पिलें मात्र तपकिरी व ठिपकेदार असतात. त्यांच्याकडे पाहून हीं याच आईबापांचीं लेंकरें आहेत अशी शंकाही येणार नाहीं.

हाच टिकेलचा निळा माशीमार. चित्रांत पाहिला, तर एवढा भडक रंगाचा पक्षी लपेल तरी कोठें, असें वाटतें. आणि प्रत्यक्षांत शेजारीं बसून गात असतांनाही तो सांपडत नाहीं. या विसंगतींतच त्याच्या साऱ्या जीवनक्रमाचें रहस्य आहे. त्याचा रंग, त्याची चोंच, त्याचें गाणें आणि त्याचें घरटें या चारही गोष्टींचा उलगडा एकाच गोष्टीनें होतो, आणि ती गोष्ट म्हणजे सांवली.

प्रथम त्याच्या नांवाविषयीं. सॅम्युअल रिचर्ड टिकेल (१८११–१८७५) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांतील अधिकारी होता. छोटा नागपुराच्या रानांत चाकरी करीत असतां त्याला पक्ष्यांचें वेड लागलें. त्या काळीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा कारभार एडवर्ड ब्लाइथ या विद्वानाकडे होता. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे पक्ष्यांचे नमुने तपासून त्यांना शास्त्रीय नांवें देण्याचें काम तो वर्षानुवर्षें करीत होता. १८४३ सालीं ब्लाइथनें या निळ्या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन केलें आणि त्याला टिकेल घराण्याचें नांव जोडलें. ‘माशीमार’ हें पुढचें पद मात्र साऱ्या कुळाचें आहे. या कुळाचें लॅटिन नांवही माशी धरणारा याच अर्थाचें.

आतां या पक्ष्याच्या गोतावळ्याकडे पाहूं गेल्यास एक आश्चर्य दिसतें. निळ्या माशीमारांच्या या गणांत सुमारें तीस जाती आहेत, आणि त्यांतील बहुतेक उष्ण कटिबंधांतल्या ओलसर, दाट रानांच्या रहिवासी आहेत. ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपाइन्स या प्रदेशांतील डोंगराळ अरण्यें हें त्यांचें खरें माहेर. महाराष्ट्रांतही त्याचा एक भाऊबंद सह्याद्रीच्या ओल्या रानांत राहतो. त्या पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराच्या नराची छातीही निळीच असते, आणि पश्चिम घाटाच्या रांगा सोडून तो बाहेर पाऊल टाकीत नाहीं. दुसरा एक भाऊबंद, निळ्या गळ्याचा माशीमार, हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत वीण करून हिंवाळ्यापुरता दक्षिणेकडे उतरतो. अशा कुळांतील टिकेलचा माशीमार मात्र राजस्थानच्या वाळवंटासारखे रुक्ष भाग सोडले, तर भारताच्या बहुतेक रानाळ प्रदेशांत, शिवाय श्रीलंकेंत व पूर्वेस म्यानमारपर्यंत बाराही महिने घर करून आहे. ओल्या डोंगरी रानाच्या या लेंकराला वऱ्हाडच्या पानगळीच्या, आठ महिने कोरड्या असणाऱ्या रानांत राहणें साधतें तरी कसें?

त्याचें उत्तर या भूमीच्या रचनेंत आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें वऱ्हाडचे दोन भाग केले आहेत. उत्तरेकडील पूर्णेच्या खोऱ्याला जुन्या दप्तरांत पयानघाट म्हणत, आणि दक्षिणेकडील उंच पठाराला बालाघाट. वाशिम हें या बालाघाटांतलें पुरातन ठिकाण. इंग्रजी अमलांत त्याचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत वांटला गेला, आणि पुढें १ जुलै १९९८ रोजीं वाशिम जिल्हा पुन्हां निराळा झाला. या पठाराच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या वांटण्या मोठ्या मौजेच्या आहेत. कांहीं पाणी काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा या नद्यांवाटे उत्तरेस पूर्णेला, तेथून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला मिळतें. कांहीं पाणी दक्षिणेस पैनगंगेंत उतरतें, आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला पोंचतें. पठार जेथें मोडतें, तेथें या पाण्यानें घळी कोरल्या आहेत. घळींत ऊन उशिरां पोंचतें व लवकर निघून जातें. खडकांच्या सांदींत ओल राहते. वाऱ्यानें वाहून आणलेला पालापाचोळा तेथें सांचतो. म्हणजे चोहोंकडे कोरडें रान असलें, तरी घळींत ओल्या डोंगरी रानाची एक अरुंद पट्टी शिल्लक असते. निळा माशीमार राहतो तो या पट्टींत. घळीवरचें रान त्याच्या दृष्टीनें परका मुलूख आहे.

किन्ही किंवा किन्हई हें पांढऱ्या शिरसाचें देशी नांव. किन्हीराजा या गांवाच्या नांवांत आजही तो शब्द ऐकूं येतो. हें झाडही ओलाव्याचें सोबती. तेथून उत्तरेस, अकोला व वाशिम जिल्ह्यांच्या सीमेवर, काटेपूर्णा नदीच्या कांठचें रान १९८८ सालीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ७३ चौरस किलोमीटर. तेथें मोठ्या जनावरांच्या शोधांत जाणारे पुष्कळ. पण ज्याला झऱ्याकांठीं स्वस्थ बसतां येतें, त्याला असे लहान रहिवासीही भेटतात.

सांवलीशीं जमवून घेण्याची पहिली युक्ति म्हणजे रंग. निळ्या माशीमाराच्या पिसांत निळा रंग मुळीं नाहींच, असें म्हटलें तर कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु वस्तुस्थिति तीच आहे. हळदींत पिवळा रंग असतो, तो कुटून, उगाळून बाहेर काढतां येतो. निळ्या पिसाची तशी पूड केली, तर हातीं लागते ती मळकट तपकिरी भुकटी. पिसाच्या तंतूंत केराटिन नांवाच्या द्रव्याची, म्हणजे नखें व शिंगें ज्याचीं बनतात त्याच द्रव्याची, अतिसूक्ष्म जाळी असते, आणि तिच्या छिद्रांत हवा भरलेली असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशांतील निळे किरण तेवढे परत फिरतात. बाकीचे आंत जाऊन खालच्या काळ्या थरांत जिरतात. आकाश निळें दिसतें त्याच कारणानें हीं पिसें निळीं दिसतात, असें पूर्वीं समजत. परंतु रिचर्ड प्रम या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें, कीं पिसांतील जाळी अस्ताव्यस्त नसून तिची छिद्रें ठराविक अंतरावर असतात. त्यामुळें निळ्या किरणांच्या लहरी एकमेकींना साह्यकारी होऊन तो रंग उठून दिसतो. साबणाच्या फुग्यावरील रंगांशीं त्याचें नातें आकाशाच्या रंगापेक्षां अधिक जवळचें आहे.

याचा व्यावहारिक परिणाम असा, कीं या पक्ष्याचा निळेपणा सर्वस्वीं उजेडाच्या स्वाधीन आहे. त्याच्यावर ऊन पडलें, कीं तो लकाकतो. सांवलींत गेला, कीं परतवायला प्रकाशच नसल्यानें पाठ काळसर दिसूं लागते आणि झुडपांतल्या अंधारांत मिसळून जाते. नारिंगी छातीही वाळक्या पानांच्या गर्दींत एक वाळकें पान होऊन बसते. उलट, मादीसमोर किंवा हद्दींत घुसलेल्या दुसऱ्या नरासमोर यायचें असेल, तेव्हां पानांतून झिरपणाऱ्या कवडशांत एक उडी पुरेशी होते. दडणें आणि मिरवणें या दोन विरुद्ध गरजा एकाच पोषाखांत भागवण्याची ही सोय आहे.

दुसरी युक्ति चोंचीची. या पक्ष्याची चोंच टोकाशीं बारीक, पण बुडाशीं रुंद व चपटी असते, आणि तोंडाच्या दोन्ही कडांना ताठ केस असतात. हे केस म्हणजे किडे पकडण्याची जाळीच, असा समज फार दिवस होता. अमेरिकेंत माशीमार म्हणून ओळखला जाणारा एक वेगळाच पक्षिवर्ग आहे. आपल्या माशीमारांशीं त्याचें रक्ताचें नातें नाहीं, पण उद्योग तोच आणि तोंडावरचे केसही तसेच. त्यांच्यावर प्रयोग करून पाहतां असें आढळलें, कीं केस काढले तरी भक्ष्य पकडण्यांत फारसा फरक पडत नाहीं. मात्र झडपेच्या वेळीं उडणारा कचरा डोळ्यांत जाऊं लागतो. तेव्हां हे केस जाळीपेक्षां पापण्यांचेंच काम अधिक करतात असें दिसतें. निसर्गांत एखादी वस्तु पाहतांक्षणीं तिचा उपयोग ठरवून टाकणें किती धोक्याचें, याचा हा एक लहानसा धडा आहे.

त्याची शिकारीची रीतही पाहण्याजोगी आहे. तो वेलीवर किंवा खालच्या फांदीवर ताठ बसतो. मधूनच शेपटी हलवतो. ‘टिक् टिक्’ असा कोरडा आवाज काढतो. मग एकाएकीं झेप घेऊन हवेंतला डास, पानावरची अळी किंवा पाचोळ्यावरचा भुंगेरा उचलतो, आणि वळून जवळच्याच दुसऱ्या बैठकीवर जातो. रानाच्या खानावळींत प्रत्येकाचें पान ठरलेलें असतें. शेंड्याच्या पानांत निखार पक्ष्यांचे थवे किडे वेंचतात. मधल्या फांद्यांच्या मोकळ्या जागेंत लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक गिरक्या घेतो. सर्वांत खालीं, झुडपें आणि जमीन यांच्यामध्यें जी अर्ध्या अंधाराची जागा उरते, ती निळ्या माशीमाराची. कमी उजेडांत पाहण्याची त्याची शक्ति इतकी चांगली, कीं दिवस मावळून बाकीचे पक्षी निवाऱ्याला गेल्यावरही तो कांहीं वेळ शिकार करीत असतो. संधिप्रकाशांत उडणाऱ्या किड्यांवर तेव्हां फारसे दुसरे पक्षी हक्क सांगत नाहींत.

तिसरी गोष्ट गाण्याची. जेथें दहा हातांपलीकडचें दिसत नाहीं, तेथें आपली हद्द डोळ्यांना दाखवून भागत नाहीं. ती कानांना सांगावी लागते. मनुष्याचें स्वरयंत्र गळ्यांत, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशीं असतें. पक्ष्यांचें स्वरयंत्र खालीं, जेथें श्वासनलिकेला दोन फांटे फुटतात तेथें असतें, आणि गाणाऱ्या पक्ष्यांत त्याच्या दोन बाजू स्वतंत्रपणें चालवतां येतात. म्हणून एवढ्याशा कंठांतून इतक्या त्वरेनें स्वर बदलतात. गाणाऱ्या पक्ष्यांचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यांचें गाणें सर्वस्वीं उपजत नसतें. पिलूं बापाचें व शेजाऱ्यांचें गाणें ऐकून, चुका करीत करीत तें शिकतें. ज्या घळींत वडील मंडळींचें गाणें ऐकूं येत नाहीं, तेथें ही परंपराही खंडित होते.

या सुरावटीची ओळख पटली, म्हणजे ती आजवर किती वेळां कानांवरून गेली होती याचा उलगडा होतो. पक्ष्यांची अशी ओळख घरोघर पोंचवण्यांत नभोवाणीचाही वांटा आहे. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ सालीं निघालें. त्याच सालापासून पुढें चार दशकांहून अधिक काळ त्यांनीं आकाशवाणीवर वेळोवेळीं पक्ष्यांविषयीं भाषणें दिलीं. मराठींत हें काम विदर्भाच्या रानांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं केलें. त्यांच्या पक्षिकोशानें पाखरांचीं विखुरलेलीं देशी नांवें एकत्र आणलीं.

आतां चौथी गोष्ट, घरटें. आणि येथेंच या पक्ष्याच्या सुखदुःखाचें मर्म आहे. याची वीण साधारणपणें एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालते. घरटें फांदीवर टांगलेलें नसतें. झाडाच्या बुंध्यांतली कुजून झालेली ढोली, खडकांतली भेग किंवा ओढ्याच्या दरडींतली खांच अशी जागा जोडपें निवडतें, आणि बहुधा ती जमिनीपासून पुरुषभर उंचीच्या आंतच असते. त्या पोंकळींत वाळलीं पानें, शेवाळ, बारीक मुळ्या व तंतू यांची वाटी होते. एखाद्या भेगेंत वाऱ्यानें चार पानें अडकलीं असावींत, असेंच पाहणाऱ्याला वाटतें. तीन ते पांच अंडीं असतात. पिलें बाहेर आलीं, कीं नर-मादी दोघेंही दिवसभर किडे आणीत राहतात. पिलांना कठीण कवचाचे भुंगेरे चालत नाहींत. मऊ अळ्या, पतंग, माश्या लागतात. पहिल्या पावसाबरोबर रान पालवतें व पालवीबरोबर अळ्यांचा सुकाळ होतो. त्या सुकाळाशीं या पक्ष्याच्या विणीचा हंगाम मिळून गेलेला आहे.

या एका घरट्याला काय काय लागतें, याचा हिशेब मांडला तर तो असा होतो. एक जुनें झाड हवें, ज्याची एखादी फांदी कुजली आहे. शेजारीं झुडपांची व वेलींची गर्दी हवी, म्हणजे बसायला आडोसा मिळतो. खालीं पाचोळ्याचा थर हवा. कारण त्या थराखालींच ओल टिकते, आणि त्या ओलींत वाळवी, भुंगेरे, गांडुळें व असंख्य किड्यांच्या अळ्या पाचोळ्याची माती करीत असतात. कुजकें लांकूड, माजलेलीं झुडपें, सडका पाला: नीटनेटकेपणाची आवड असलेल्या माणसाला यांतील एकही वस्तु ठेवण्याजोगी वाटत नाहीं. निळ्या माशीमाराचा संसार मात्र याच टाकाऊ वस्तूंवर उभा आहे.

आणि म्हणूनच तो मोडतो तो कुऱ्हाडीपेक्षां साफसफाईनें. वऱ्हाडांत मार्च-एप्रिल हा मोहफुलें वेंचण्याचा हंगाम. फुलें पहांटे गळतात. पाचोळ्यांत तीं दिसत नाहींत. म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जमीन मोकळी करण्याची चाल पडली आहे. तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही ठिकठिकाणीं आग लावली जाते. ती दर वेळीं झाडाखालींच थांबते असें नाहीं. वारा फिरला, कीं उतारावरून घळींत उतरते. मोठीं झाडें तींतून वांचतात. पुढल्या पावसांत सारें पूर्ववत् हिरवें झालेलें दिसतें. पण पाचोळ्याचा थर, त्यांतले किडे, खालचीं झुडपें आणि बुंध्यातल्या वाळक्या ढोल्या तेवढ्या जळून गेलेल्या असतात, आणि हें घडतें तें नेमकें घरट्यांचा हंगाम सुरू होतांना.

यांत फुलें वेंचणाऱ्यांना दोष देऊन भागणार नाहीं. मोहावर पुष्कळ कुटुंबांचे उन्हाळ्याचे दिवस निभावतात, आणि भल्या पहांटे, वाकून, एकेक फूल वेंचण्याचे कष्ट ज्यांनीं कधीं केले नाहींत त्यांनीं उपदेश करूं नये. उपाय मात्र अवघड नाहींत. झाडाखालचा पाला झाडूनें एका बाजूस सारतां येतो. फुलें पडतात तेवढ्या जागेवर कापड किंवा जाळें पसरतां येतें. जाळ्यांत पडलेलीं फुलें मातीनें मळत नाहींत, हा त्यांतला जास्तीचा फायदा. जेथें घळीच्या तोंडाशीं पाला हटवून आगीला अडवणारी पट्टी राखली जाते, तेथें ओढ्याकांठची सांवली निर्धास्त राहते.

रानाच्या कडेला दुसरी गोष्ट घडली आहे. गेल्या तीन-चार दशकांत या पठारावर सोयाबीनचा पेरा फार वाढला. बांधांवरचीं झुडपें आणि ओढ्याकांठच्या जाळ्या शेतांत गेल्या, आणि पिकांवर कीटकनाशकांची फवारणी होऊं लागली. किडे खाऊन जगणाऱ्या पक्ष्याला याचा फटका दोन बाजूंनीं बसतो: भक्ष्य कमी होतें, आणि एका घळीतून दुसऱ्या घळींत जाण्याची झुडपांची वाट तुटते. मोठें उघडें शेत ओलांडण्याचें धाडस सांवलींत वाढलेला हा पक्षी सहजीं करीत नाहीं. मग एखाद्या घळींतलें जोडपें नाहीसें झालें, तर त्याची जागा घ्यायला दुसरें येईलच अशी खात्री उरत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टिकेलचा निळा माशीमार ही जात नष्ट होण्याच्या मार्गावर नाहीं. संकटग्रस्त प्राण्यांची जी जागतिक यादी ठेवली जाते, तींत या पक्ष्याविषयीं तूर्त काळजीचें कारण नाहीं असाच निर्वाळा आहे. परंतु जात टिकणें ही एक गोष्ट, आणि एखाद्या गांवाच्या ओढ्यावर त्याचें गाणें टिकणें ही दुसरी. यादी जातीचा हिशेब ठेवते. घळींचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वाघ नाहीसा झाला तर वर्तमानपत्रांत येतें. घळींतला हा गवई थांबला, तर झाडें तींच असतात, ओढा तोच असतो. फक्त दुपारीं तेथें टेंकणाऱ्याला कांहींतरी चुकल्याचुकल्यासारखें वाटतें, आणि काय चुकलें तें सांगतां येत नाहीं.

उलट बाजूनें पाहिलें, तर याच कारणामुळें तो मोठा उपयोगी साक्षीदार आहे. ज्या ओढ्यावर त्याची सुरावट ऐकूं येते, तेथें पाचोळा आहे, किडे आहेत, जुनीं ढोलीचीं झाडें आहेत, आणि त्या साऱ्यांमुळें जमिनींत ओल धरून राहिली आहे, एवढें न पाहतां समजावें. पाचोळ्याचा थर पावसाचें पाणी अडवतो, तें हळूंहळूं मुरूं देतो, आणि दरडीची माती धुवून जाऊं देत नाहीं. पक्ष्याला हवी असलेली घळ आणि खालच्या गांवाच्या विहिरींना हवी असलेली घळ या निरनिराळ्या नाहींत.

शहरांतल्या घरांनाही या गोष्टींत कांहीं करण्याजोगें आहे. हा पक्षी केवळ दुर्गम रानांतच राहतो असें नव्हे. जुन्या, गर्द झाडीच्या बागांतून आणि वस्तीलगतच्या राईंतूनही तो आढळतो. ज्या घरामागें आंब्या-फणसाची सांवली आहे, तेथें एका कोपऱ्यांतला पाला झाडून न जाळतां तसाच कुजूं द्यावा. अडुळसा, करवंद, कामिनी यांसारख्या झुडपांची जाळी राखावी. वठलेल्या फांदीपासून घराला धोका नसेल, तर ती तोडण्याची घाई करूं नये. आणि झाडाखालीं उथळ ताटलींत पाणी ठेवावें. एवढ्यानें निळा माशीमार येईलच असें वचन कोणी देऊं शकणार नाहीं. परंतु दयाळ, शिंपी, नाचण अशीं त्याच्याच पंक्तीचीं पाखरें येतील, आणि वाट त्यालाही मोकळी राहील.

किन्हीराजाच्या परिसरांतला उन्हाळा मृग नक्षत्राच्या सरींनीं संपतो. घळींत पहिलें गढूळ पाणी येतें, पाचोळा फुगतो, उंबराखालीं किड्यांचे लोट उठतात. त्या वेळीं दरडींतल्या एखाद्या भेगेकडे तोंडांत अळी धरून निळा नर येतो, इकडे तिकडे पाहतो, दोनदां ‘टिक्’ करतो आणि आंत नाहीसा होतो. बाहेर येतो तो रिकाम्या चोंचीनें. मग जवळच्या वेलीवर बसून तो तीच पांच-सहा स्वरांची सुरावट म्हणतो, आणि पिलांसाठीं पुन्हां किडे धुंडाळायला सांवलींत शिरतो.